भुवईवरची चंद्रकोर

२०२४च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बहिणीला आणि भाच्याला घ्यायला मी मार्वेच्या धक्क्यावर गेलो होतो. मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत नेहमीप्रमाणे आधी दुचाक्या चढल्या आणि मग त्यांच्या फटीफटीतून माणसं. डेन्व्हरहून आलेला हा सव्वीस वर्षांचा पोरगा दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत माझ्यासमोर उभा राहिला. खाडीचा वारा लागताच त्याने टोपी काढली, तेव्हा मला ती खूण दिसली. उजव्या भुवईच्या जरा वर, कुणी वाटीची कड दाबून उमटवावी तशी, दोन्ही टोकं खाली वळलेली. चंद्रकोरच, फक्त उलटी. टाके नुकतेच निघालेले असावेत.

"क्रिकेट?" मी विचारलं.

"नाही मामा. एल्क."

बहिणीने तोंड मनोरीच्या माडांकडे फिरवलं. त्यावरून हा विषय घरात बराच गाजून गेलाय हे कळलं. एल्क म्हणजे तिकडचं मोठं हरीण, आपल्या सांबराचा थोरला भाऊ. त्याचा नर तीनशे किलोंच्या घरात जातो. तेव्हा एल्कने शिंग मारलं असणार, अशी मी समजूत करून घेतली आणि गप्प बसलो. पलीकडे उतरून घरी येईपर्यंत ती समजूत टिकली.

घरी ओट्यावर दादा बसला होता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, कुडाळ तालुक्यातला बागायतदार, वय सदुसष्ट. बहीण कैक वर्षांनी भाऊबीजेला येणार म्हणून कोकणकन्येने मुद्दाम आला होता. भाच्याने वाकून नमस्कार केला. दादाने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डॉक्टर बघतात तसं बघितलं आणि म्हणाला, "दुर्बिणीन चावल्यान ना रे झिला?"

पोरगा हसायला लागला. बहीण हसली नाही.

प्रकार असा होता. रायफलीवर बसवलेली दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं लांब ठेवायची असते. चढ उभा होता, एल्क वरच्या अंगाला, हा खाली पालथा पडलेला, मान ताणून पुढे सरकलेला. चाप ओढला तशी रायफल मागे आली आणि दुर्बिणीची धातूची कड भुवईत रुतली. एल्क तसाच वर निघून गेला. दादाने हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तरुणपणी, एका पाहुण्या साहेबाच्या कपाळावर. पण एकदा पाहिलेली खूण विसरत नाही म्हणाला.

"वजन किती तुझ्या बंदुकेचां?" त्याने लगेच विचारलं. वैद्य आधी जेवणखाण विचारतो, तसं.

"दुर्बीण धरून तीन किलो. नुसती अडीच."

"मगे चावतलीच."

त्यानंतर दोन दिवस माझ्या ओट्यावर जे चाललं होतं, त्याला मी वाद म्हणणार नाही. दोन बंदूकमालक एकमेकांच्या बंदुकीची विचारपूस करत होते, आणि दोघांपैकी एकाचीही बंदूक तिथे नव्हती. भाच्याची कोलोरॅडोत तिजोरीत होती आणि दादाची कुडाळात पोलीस ठाण्यात. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली होती आणि दादाला बंदूक जमा करण्याची नोटीस आली होती. फराळाचं ताट पुढ्यात ठेवून हे दोघे हवेत काल्पनिक बंदुका खांद्याला लावत होते. समोरून जाणारी माणसं वळून बघत. मी स्वतः जत्रेतले फुगे सोडले तर जन्मात कशावर नेम धरलेला नाही, म्हणून मध्ये बसून ऐकत राहिलो. पुढे मे महिन्यात कुडाळ-सावंतवाडीकडे जाऊन आणखी काही परवानेदारांशी बोललो. हा लेख त्या ओट्यावरून आणि त्या फेरीतून झाला आहे.

दादाची बंदूक भाच्याच्या बंदुकीहून किलोभर जड. किलोभराने असा काय फरक पडतो, हे बहिणीला पटेना. तेव्हा दारावर सुरमई घेऊन आलेल्या मावशींना आम्ही थांबवलं. एक सुरमई काट्यावर अडीच किलोची भरली, दुसरी साडेतीनच्या जरा अलीकडे. दादाने दोन्ही शेपटीला धरून बहिणीच्या हातात दिल्या आणि हात समोर आडवा धरायला सांगितला. लहान सुरमई तिने मिनिटभर धरली. मोठीच्या वेळी वीस आकडे मोजायच्या आत हात खाली आला. "आता ही घेऊन सकाळी पाचपासून संध्याकाळपर्यंत डोंगर चढायचा," भाचा म्हणाला, "तोही तीन हजार मीटर उंचीवर, जिथे नुसतं बूट बांधलं तरी धाप लागते." मावशींनी विचारलं, घ्यायच्या आहेत की नुसत्या तोलायच्या आहेत. दोन्ही घेतल्या.

हलक्या रायफलीची सगळी बाजू त्या सुरमईत आली. बोल्ट-अॅक्शन रायफल म्हणजे हाताने खिट्टी उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून दर वेळी नवं काडतूस नळीत घालायची रायफल. पॉल माउझरने १८९८ साली जी रचना ठरवून ठेवली, तिच्यावरच आजच्या बहुतेक शिकारी रायफली चालतात. सव्वाशे वर्षं माणसं ती फक्त सोलून सोलून हलकी करत आली आहेत. अमेरिकेत विन्चेस्टरने आपल्या मॉडेल ७०ची 'फेदरवेट' म्हणजे पिसाच्या वजनाची आवृत्ती १९५२ साली काढली आणि जॅक ओ'कॉनर या शिकारी लेखकाने .२७० बोअरच्या हलक्या रायफलीचं गुणगान करून दोन पिढ्यांना डोंगरात धाडलं. १९८०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्झने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता काढून केव्हलर आणि ग्रॅफाइटचा बसवला, आणि सव्वादोन-अडीच किलोची रायफल ही विक्षिप्तपणाची गोष्ट राहिली नाही. आज फिनलंडच्या टिक्काची 'लाइट' रायफल दुर्बिणीशिवाय २.९ किलोच्या आसपास मिळते आणि ती मधल्या वजनाची समजली जाते. त्याहून खाली जायचं तर टायटॅनियम, कार्बन धाग्यात गुंडाळलेली नळी, पोखरलेला बोल्ट. दर शंभर ग्रॅमला पैसे मोजायचे. भाच्याने मोजले होते. किती, ते त्याने आईसमोर सांगितलं नाही.

शिकार म्हणजे मुख्यतः चालणं, हे त्याच्या बोलण्यातून मला नव्याने कळलं. तिथे एल्कच्या बऱ्याच परवान्यांसाठी सोडतीत नाव घालावं लागतं. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. म्हणजे प्राणी पडला की तीस-तीस किलोंचे तुकडे पाठीवर घालून खेपा करायच्या. पाच दिवस चालून गोळी झाडली जाते एकदा, तीही नशिबात असेल तर. "दिवसाला अठरा किलोमीटर ती माझ्या खांद्यावर असते मामा, आणि खांद्याला लावून दोन सेकंद. मग मी ती कशासाठी निवडू?"

हे बिनतोड वाटलं. पण दादा म्हणाला, "त्या दोन सेकंदासाठीच तर चललंस मां अठरा किलोमीटर?"

आणि इथून हलक्या रायफलीच्या मालकांची दुसरी बाजू सुरू झाली. भाच्यानेच ती सांगितली, कारण ती त्याच्या कपाळावर लिहिलेली होती. गोळी आणि दारूचा वायू पुढे जाताना रायफलीला जो मागचा झटका देतात, तो काडतुसावर ठरतो. पण तो झटका घेऊन रायफल किती जोराने खांद्यावर येईल हे तिच्या वजनावर. वजन जितकं कमी, तितकी धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात जास्त. साडेतीन किलोची रायफल अडीच किलोची केली की तेच काडतूस १.४ पट जोराने लाथ मारतं. याने घेतलं होतं .३०० विन्चेस्टर मॅग्नम, डोंगरी एल्कसाठी दणकट म्हणून नावाजलेलं. त्याच्या तीन किलोच्या रायफलीत धक्का जातो पन्नास ज्यूलच्या आसपास. मनोरीच्या भाषेत सांगायचं तर सव्वा किलोचा असोला नारळ चार मीटरवरून खांद्यावर पडावा तेवढा. रबरी गादी तो पसरवते, कमी करत नाही. दादाच्या जुन्या रायफलीचा धक्का याच्या निम्मा, म्हणजे तोच नारळ दोन मीटरवरून.

नारळ पडायची वाट बघत बसलेला माणूस डोळे मिटतो. हलकी रायफल घेतलेल्यांचं खरं दुखणं तेच आहे. लाथ बसल्यावर दुखतं ते दुखो. पण पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं, बोट झटका देतं आणि गोळी भलतीकडे जाते. मग लोक सरावाला जाईनासे होतात. ज्या रायफलीला सर्वांत जास्त सराव लागतो, तिचाच सर्वांत कमी होतो. त्यात नळी बारीक. पहिल्या गोळीला ती सांगाल तिथे मारते, दुसरीलाही, तिसरीपर्यंत तापते आणि नेम सरकायला लागतो. कारखान्यात चाचणी घेणाऱ्याला हा दोष वाटतो, डोंगरात एकच गोळी झाडणाऱ्याला वाटत नाही. आणि तिसरी तक्रार, जी मला सर्वांत पटली: धाप लागलेली असताना हलकी नळी स्थिर राहत नाही. छातीचा प्रत्येक ठोका टोकाला दिसतो. जड नळी आपल्या जडपणाने ते ठोके गिळते.

नेमबाजांना हे कुणी सांगायला नको. कोल्हापुरातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांचं ब्राँझ घेतलं. त्या प्रकारात रायफल आठ किलोंपर्यंत असू शकते. भाच्याच्या रायफलीसारख्या तीन नुसत्या रायफली एकत्र बांधल्या तरी अर्धा किलो कमीच पडेल. लक्ष्य हलत नाही, नेमबाज चालत नाही, मग वजन हा मित्रच. दादाने कुसाळेचं नाव काढलं तेव्हा मला वाटलं आता भाचा हरला. पण भाचा म्हणाला, "त्याला ती रायफल देऊन गगनबावड्याच्या घाटात पाच दिवस चालवा, मग बोलू."

दादाची बाजू कोणती? त्याच्याकडे आहे .३१५, वडलांकडून वारसाने आलेली. महाराष्ट्रात 'रायफल' म्हणून जी परवान्यावर दिसते ती बहुधा हीच. या बोअरची जन्मकथा सरकारी संशयाची आहे. .३०३ हे इंग्रजी फौजेचं काडतूस. ते नेटिवाच्या घरात असलं तर उद्या फौजेचीच गोळी फौजेवर यायची. म्हणून हिंदुस्थानात ते नागरिकांना बंद झालं. मग बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाला .३१५ असं नाव देऊन फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलीच्याच घडणीच्या रायफली या बाजारासाठी काढल्या. बीएसए या इंग्रजी कंपनीच्या त्या जुन्या रायफली अजून कुठे कुठे आहेत आणि त्यांचे मालक त्या विकत नाहीत. स्वातंत्र्यानंतर तीच रायफल कोलकात्याजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनायला लागली. काडतुसं मात्र आपल्या पुण्याची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, तिथली केएफ ही अक्षरं पितळी बुडावर असतात. २०२१च्या ऑक्टोबरात सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा इशापूर एका कंपनीत गेलं आणि खडकी दुसऱ्या. रायफलीची आणि काडतुसाची अशी वाटणी झाली.

मे महिन्यात दादाकडे गेलो तेव्हा ती रायफल प्रथमच हातात घेतली. बोल्ट काढून ठेवला होता. घरातल्या काजू तोलायच्या लटकत्या काट्याला तिला पट्ट्याने अडकवलं. साडेतीन किलोला काटा पोचता पोचता थांबला, म्हणजे मनोरीला घेतलेली थोरली सुरमईच. दस्त्याचं लाकूड गालाच्या जागी काळं गुळगुळीत झालेलं, तिथे तीन पिढ्यांचं तेल आणि घाम. नळीखालच्या लाकडाला एक चीर आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ही तार दादाच्या वडलांनी गुंडाळली. दुर्बीण नाही, लोखंडी माशी आणि खाचेची कमान. बोल्ट परत घालून मागे ओढला तर आवाज गोदरेजच्या जुन्या कपाटासारखा. दादा म्हणाला, हात लावायच्या आधी तेल लाव असं सांगणारी बंदूक.

.३१५वाल्यांची मतं ऐकायला मला कुठे लांब जावं लागलं नाही. एकाला विचारलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. बोल्ट कडक आहे, याबद्दल एकमत. चाप ओढायला फार जोर लागतो, याबद्दलही. नव्या इशापुरीपेक्षा जुनी बीएसए बरी, हे सगळेच म्हणतात, ज्यांनी बीएसए पाहिलेली नाही तेही. गोळी संथ पण जड, सोळा ग्रॅमच्या आसपास. दीडशे पावलांच्या पुढे नेम धरू नये. काडतुसं किती घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली, त्यामुळे सरावाला कुणी उडवत नाही. आणि वजनाबद्दल? वजनाबद्दल तक्रार करणारा मला एकही मालक भेटला नाही. मी खोदून विचारलं तर लोक गोंधळले. आंब्याच्या कलमाला वजन किती, असं विचारल्यासारखं.

त्याचं कारण दादाने मनोरीच्या ओट्यावरच सांगितलं होतं. "तुझी बंदूक चलाक बरी, माझी बसाक बरी."

हे एवढं एक वाक्य मी या लेखासाठी मिळवलं, असं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडचा बंदूकमालक चालत नाही. तो बसतो. भातात, काजूत, नाचणीत डुकरांचा कळप रात्री उतरतो, आणि त्याच्या आधी माळ्यावर जाऊन बसायचं असतं. शिकार तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. डुक्कर पिकाचं कितीही नुकसान करो, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हाच. म्हणून बहुतेक रात्री बार निघतो तो हवेत, आवाजापुरता. त्याला दादाची .३१५ वापरायची म्हणजे चैन. त्याचे शेजारी ठासणीच्या बंदुकीवर किंवा बारा बोअरवर काम भागवतात, आणि ज्यांच्याकडे तेही नाही ते पत्र्याचा डबा बडवतात. डब्याचा आवाज डुकरांच्या आता ओळखीचा झाला आहे.

मग बंदुकीचं वजन मालकाला कधी जाणवतं? कागद सांभाळताना. परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाला जिल्हाधिकारी कार्यालय. मुंबईत असाल तर पोलीस आयुक्त. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून वारसाच्या तिसरीचं काय करायचं हा प्रश्न घराघरात झाला. परदेशी बंदूक सामान्य माणसाला १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आयातच करता येत नाही, म्हणून भाच्याची पिसाच्या वजनाची रायफल दादाने कितीही मनात आणली तरी तिचा इथे उपयोग नाही. आणि निवडणूक. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत, प्रत्येक वेळी आचारसंहिता लागली की नोटीस येते, बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात न्यायची, पावती घ्यायची. निकालानंतर आणायची. दादा म्हणतो त्याची बंदूक रानापेक्षा ठाण्यात जास्त राहिली आहे आणि तिथे तिला गंज लवकर धरतो. भिंतीला उभी करतात, एकीला एक टेकवून. परवानेदारांची खरी सभा भरते ती जमा करायच्या रांगेत. कुणाचा दस्ता तडकला, कुणाची काडतुसं ओली झाली, कुणाचा मुलगा म्हणतो विकून टाका, हे सगळं तिथे कळतं. "बंदुकेपेक्षा कागदच जड आसत," दादा म्हणाला.

भाच्याला यातलं बरंच पटलं, पण तो एवढ्यावर ऐकणार नव्हता. त्याने जिम कॉर्बेट काढला. आणि इथे, मला वाटतं, तो जिंकला.

चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल कॉर्बेटला १९०७ साली रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची बोल्ट-अॅक्शन रायफल भेट मिळाली होती. त्याच्याकडे मोठ्या बोअरची दुनळी जड रायफलही होती. पण ११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना त्याच्या हातात हलकी रायफल होती आणि डाव्या मुठीत रातव्याची दोन अंडी, वाटेत सापडलेली. खडकाला वळसा घालून तो उतरला आणि मागे बघतो तर वाघीण काही फुटांवर बसलेली. दुसरा हात मोकळा नाही. त्याने एका हाताने रायफलीची नळी इतक्या संथपणे फिरवली की वाघिणीला हालचाल कळू नये. त्या प्रसंगात आपल्याला काय काय उपयोगी पडलं हे सांगताना कॉर्बेट अंड्यांबरोबर हलक्या रायफलीचंही नाव घेतो. पाच किलोची दुनळी एका हाताने, तेवढ्या हळू, फिरली नसती. ही कथा ज्या पुस्तकात आहे ते 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने प्रथम छापलं, म्हणजे जगाला हलक्या रायफलीची ही गोष्ट आपल्या शहरातून कळली. ती रायफल पुढे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीने ती परत मिळवली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग त्या हलक्या रायफलीचं वजन विचारलं. भाच्याने फोनवर चाचपून सांगितलं, साडेतीन किलोच्या आसपास.

"म्हणजे माझ्याच बंदुकेएवढी," दादा म्हणाला आणि चकली घेतली.

मुंबईच्या उपनगराला हे सगळं परकं वाटतं, पण फार जुनी गोष्ट नाही. विहार तलावाच्या परिसरात वाघ मारल्याची शेवटची नोंद १९२९ची आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली तेव्हा तिचे बरेच सभासद शिकारीच होते, आणि सलीम अली पक्ष्यांकडे वळले तेही लहानपणी एअरगनने पाडलेली एक चिमणी सोसायटीत ओळखायला नेल्यामुळे. आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बिबट्या वस्तीत आला तर वनखात्याचं पथक भुलीच्या औषधाची सुई मारणारी बंदूक घेऊन येतं. शिकारी रायफल अलीकडे महाराष्ट्रात सर्वांत जास्त चर्चेत आली ती २ नोव्हेंबर २०१८ला यवतमाळात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा, आणि तो वाद रायफलीचा नव्हता, परवानगीचा आणि पद्धतीचा होता.

भाऊबीज झाली, सगळे आपापल्या गावी गेले. जाताना भाच्याची एक पिशवी इथेच राहिली. त्यात त्याचं शिकारीचं जाकीट होतं, डोळ्यांना टोचेल अशा नारिंगी रंगाचं, चुकून सामानात आलेलं. कोलोरॅडोत रायफलीच्या हंगामात अंगावर किमान पाचशे चौरस इंच एवढं झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड कमरेच्या वर, सर्वांत बाहेरून दिसेल असं घालावंच लागतं, डोक्यावर टोपीसुद्धा त्याच रंगाची. पंचापेक्षा लहान, हातरुमालापेक्षा बरंच मोठं एवढं ते कापड. हरणाला तो रंग माणसाला दिसतो तसा दिसत नाही. माणसाला मात्र लांबून दिसतो. फोनवर हे सांगताना भाचा म्हणाला की वजन, बोअर, नळी यांवर तिकडचे लोक जन्मभर भांडतात, या कापडावर कुणी भांडत नाही.

मी ते जाकीट खुंटीला लावलं आणि विसरलो. २०२५च्या सुरुवातीला एका सकाळी मला लागोपाठ तीन फोन आले, "तुमच्याकडे काय झालं हो?" आमच्याकडे काही झालं नव्हतं. पालघर जिल्ह्यातल्या मनोरला झालं होतं. मनोर आणि मनोरी यांत आमच्या नातेवाइकांची नेहमी गल्लत होते. तिथल्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने झुडपातली हालचाल बघून गोळी झाडली आणि त्यांचाच सोबती मेला. भीतीपोटी त्यांनी प्रेत लपवलं, काही दिवसांनी बभ्रा झाला, अटका झाल्या. शिकार बेकायदा होती हे खरंच. पण मला राहून राहून वाटत होतं की मेलेल्या माणसाच्या अंगावर कोणत्या रंगाचा सदरा होता, हे कुठल्याच बातमीत नाही.

कोकणातही हे होतं. रात्री राखणीला गेलेला, वाडीतून उशिरा परतणारा, हाकाऱ्यातला पोरगा. डुक्कर समजून मारलेल्या माणसाची गोष्ट कुडाळ-सावंतवाडीकडे भेटलेल्या बहुतेक परवानेदारांना ठाऊक होती. आमच्याकडे रानात जाताना माणूस खाकी, काळं, मातकट घालतो. दिसू नये म्हणून. कुणाला दिसू नये, हा विचार कुणी केलेला नाही.

मे महिन्यात कुडाळला जाताना ते जाकीट घेऊन गेलो. दादाने ते घातलं, आरशात पाहिलं आणि म्हणाला, रस्त्याच्या कामावरचा मुकादम दिसतंय. पण राखणीला तेच घालून जायला लागला. जूनमध्ये फोन आला: आणखी चार पाठवायला सांग, शेजाऱ्यांना हवी आहेत. मी भाच्याला कशाला त्रास द्यायचा म्हणून इथेच मालाडच्या बाजारात चौकशी केली. रस्त्यावर काम करणाऱ्यांची नारिंगी, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चार घेतली आणि कुरिअर केली. चारांचं मिळून वजन किलोभरही भरलं नाही.

पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका तोंडावर आल्या. दादाचा फोन आला, "परत जमा करुची लागतली." बंदूक ठाण्यात गेली तरी राखण चालूच असते, पत्र्याचा डबा घेऊन. रात्रीच्या वेळी शेतात, वाडीत, रानात जाणारं कुणी तुमच्या घरात असेल, त्याच्याकडे परवाना असो वा नसो, तर हार्डवेअरच्या दुकानात नारिंगी जाकीट तेवढं मागा. सगळ्या मापांत मिळतं.